फोनवरून मुंबईला गेलेले ठोके

एक लोहचुंबक. मनगटाला बांधायच्या दोन पट्ट्या. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी दळून ठेवलेले गहू. नवागामच्या एसटीडी बूथमधला लाल फोन.

हे सगळं लोटनच्या छातीतल्या पेसमेकरभोवती फिरत होतं. पट्ट्या दवाखान्याने दिलेल्या, ठोके फोनवरून पाठवणाऱ्या डबीला जोडायच्या, छातीवर चुंबक धरायचं, रिसीव्हर डबीवर टेकवायचा, की मुंबईच्या डॉक्टरांकडे ठोके कागदावर उमटायचे. ते नीट उमटले नाहीत, तर उद्याच मुंबई गाठायची होती. आणि उद्या श्रावणातला रविवार, घरी कानबाई देवी बसायची होती.

"साहेब, ऐकू येस का?" लोटन डबीवरच ओरडला. तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेला माणूस, हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

रिसीव्हर कानाला लावला, तर डॉक्टर म्हणाले, "अहो लोटनभाऊ, ठोक्यांऐवजी तुमची बोंबच आली. गप्प बसा!"

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा इंदूबाईने नवऱ्याच्या तोंडावर पदर दाबून धरला. "आते बोल बरं!"

अर्धा मिनिट फक्त ठोके गेले, मग त्याने रिसीव्हर कानाला लावला.

"बॅटरी ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "येऊ नका."

लोटनने एवढ्या मोठ्याने "हाव!" म्हटलं, की बूथवाला हसत सुटला.

मागच्या श्रावणात लोटन दवाखान्यात होता, म्हणून त्यांच्या घरी कानबाई बसली नव्हती.