पेडण्यातली दुसरी सही

मित्रांनो, म्हापशाच्या एका कॉलेजातलं मी जुनं पुस्तक. जात इंग्रजी. पोटात सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या गोष्टी: सरदार, घोडे, आणि त्या सरदारांना नाचवणाऱ्या बायका. मुंबईत कुणीतरी मला दोऱ्याने शिवलं, खळ लावली, वर निळं कापड चढवलं. बाहेरून सोज्वळ दिसतो. आतून वात्रट.

सुरुवातीची वर्षं मजेची गेली. वत्सला मॅडम मला हातात धरून शिकवायच्या. त्या काळी तिकडे लग्न चर्चच्या दाराबाहेर लागायचं. नवरा बायकोला काय देणार, ते त्याने तिथेच गावासमोर बोलायचं, मगच दोघं आत. माझ्यातली एक बाई पायरीवर अडून बसते. "माझी पाणचक्की माझ्याच हातात राहील असं बोल, नाहीतर मी आत येत नाही." सरदाराला घाम फुटतो. पोरं खिदळायची.

मॅडम निवृत्त झाल्या आणि मी मागच्या कपाटात गेलो. कसरीने माझी प्रस्तावना खाल्ली. दुःख नाही. ती तशीही कोणी वाचत नव्हतं.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी धारगळच्या गौरवीने मला बाहेर काढलं. बी.ए.चं शेवटचं वर्ष, परीक्षा एप्रिलात. तिचा बाप बाबली हायवेवर भाजी विकायचा. लग्न ठरलं होतं डिचोलीच्या सुदेशशी. तो खाणीवर ट्रक चालवायचा, मूळ घर सावंतवाडीकडचं. मुलगा साधा. त्याची आई सत्यवती मात्र दोन ट्रकांइतकी.

गोव्यात लग्नाला दोन सह्या लागतात. रजिस्ट्रारकडे एक आधी, मग नोटीस लागते, आणि काही दिवसांनी दुसरी. पेडण्याच्या कचेरीत पहिली सही झाली तशी सत्यवती म्हणाली, "आतां ती पुस्तकां परत दी गो. लगीन मार्चात. मगे सुनेक परीक्षा कित्याक?"

गौरवीने मला परत दिलं नाही. त्या दिवसांत तिने ती पायरीवरची बाई इतक्यांदा वाचली, की माझी शिवण सैल झाली.

दुसऱ्या सहीच्या दिवशी क्लार्क धाकूने पेन पुढे केलं. "कर गो बाये."

गौरवीने पेन खाली ठेवलं. "परीक्षेक मी बसतलंय. ह्यां सुदेशान हंयसर, सगळ्यांसमोर सांगूंक व्हया. मगे सही."

सत्यवती हसत सुटली. "पयली सही झाली, म्हणजे लगीन झालाच मगो! ही नुसती कागदां." तिच्या सावंतवाडीकडे असली दुसरी सही कोणी ऐकलेली नव्हती. पहिल्या सहीवरच तिने हॉल ठरवून पत्रिका वाटल्या होत्या.

"मावशे," धाकू म्हणाला, "ही सही नाय, तर लगीनच नाय."

बाबलीचा चेहरा उतरला. "बाये, पत्रिका गावभर गेल्यो. माका तोंड दाखवंक जागो उरचो नाय गो."

गौरवीने मला छातीशी धरलं होतं. वरून दगड, आत नुसती धडधड. मी पुस्तक, मला काय त्याचं? तरी पानं जरा हलली खरी.

सुदेश पुटपुटला, "बसूंदे."

"आयकंक येणा नाय," गौरवी म्हणाली.

"परीक्षेक बसूंदे तिका! मीच सोडतलंय म्हापशाक!" शेजारचा टाइपरायटर थांबला.

"लग्नाआधीच बायलेचो झालो!" सत्यवती कडाडली.

"आये, तेच्याचसाठी आयलंव मगो हंयसर?"

धाकू खाली बघून हसला. गौरवीने सही केली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी डिचोलीच्या घरी गौरवी मला मोठ्याने वाचून, मराठीत अर्थ लावत होती. मागच्या दारी सत्यवती विळीवर तिसऱ्यांचे शिंपले उघडत होती. विळीचा आवाज थांबला.

"मगे त्या बायेक चक्की गावली?"

"गावली, आये."

सत्यवतीने हातातली शिंपली खाली ठेवली. "माज्या लग्नात माका दारात कोणी कायच इचारूंक नाय," ती म्हणाली. मग उठून आली, वाकली. "खंय आसा ती? दाखय." गौरवीने दाखवलेल्या माझ्या ओळीवर तिने थेट ओलं बोट ठेवलं.

मित्रांनो, पुस्तकाला ओला हात लावू नका. अधूनमधून ऊन दाखवा, कसर झटका, शिवण सैल झाली तर टाका घाला. पण त्या एका पानावर तिसऱ्यांच्या पाण्याचा डाग दिसेल, तो कोणी खोडरबराने घासायला जाऊ नका. वाचता न येणाऱ्या बाईने माझ्यात कोणाला तरी शोधलं होतं.