सुंदरबाईची खबर
भंडाऱ्याच्या रोजगार कार्यालयातल्या सभागृहात एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला कामगार बसवले होते. मालकांना गादीच्या खुर्च्या, कामगारांना प्लास्टिकच्या. दोघांचंही म्हणणं सारख्याच कानांनी ऐकायचं म्हणून ही बैठक होती म्हणे. रत्नमालेने पदर सावरला. बरोबर समोर कैलाशसेठ बसले होते, ती कामाला होती त्या राईस मिलचे मालक. आठवडा झाला, तिच्या गावच्या, बपेऱ्याच्या एकाही बाईला त्यांच्या मिलच्या फाटकातून आत सोडलं नव्हतं.

झालं होतं ते असं. बपेऱ्याच्या या बायकांना कार्यालयानेच मिलमध्ये लावलं होतं. तांदूळ निवडायचा, कट्टे भरायचे, शिवायचे. सुंदरबाई तेवढी फार आधीपासूनची. ढीवराच्या घरातली, नवरा नदीवर जाळं टाकायचा, ही मिलमध्ये यायची. कोणाला ताप आला, कोणाकडे सोयरे आले, की सेठजींना सांगायचं काम तिचं. बाकीच्यांची सेठजींपुढे जीभच रेटत नसे. तिची रेटायची, आणि सेठजी तिचं ऐकायचेही.

ती सुंदरबाईच एके पहाटे गेली. चूल पेटवायला बसली ती उठलीच नाही. गावात मौत झाली की माती झाल्याशिवाय कोणी कामावर जात नाही, आणि ही तर रोज डबा वाटून खाल्लेली बाई. नदीपलीकडे तिच्या माहेरी खबर गेली, साकोलीला लेकीकडे गेली. मिलमध्ये कळवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायका मिलवर पोचल्या तर मुनीम फाटकात आडवा. ट्रक भरायचे राहिले होते आणि सेठजींना लोकांची बोलणी खावी लागली होती. गावात मौत होती, असं बायकांनी सांगितलं. कोणाची, हे त्याने विचारलं नाही. दांडी मारणाऱ्यांच्या गावात रोजच कोणीतरी मरतं, असं म्हणून त्याने फाटक लावून घेतलं. अशा माणसाला वर काय सांगणार, म्हणून बायकाही रागारागाने परत फिरल्या.

रत्नमालेचा नवरा हिरालाल कमरेच्या दुखण्याने घरी बसलेला, घर तिच्या हातावर चाललेलं. आज बोलणं फसलं तर तिचं एकटीचं नाही, साऱ्या जणींचं काम जाणार होतं. एका मालकाने नको म्हटलेल्या गावची माणसं कार्यालय दुसरीकडे तरी कशाला पाठवील? दहावीपर्यंत शिकलेली म्हणून सगळ्यांनी तिला पुढे केलं होतं. काय बोलायचं ते तिने पाठ करून आणलं होतं.

कार्यालयाच्या अधिकारी चंद्रकांता मॅडम यांनी आधी मालकांना बोलायला सांगितलं. कैलाशसेठ उठले. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. माणसं न सांगता गायब होतात, मग कोणाच्या भरवशावर मिल चालवायची, असं त्यांनी विचारलं. बपेऱ्याची माणसं यापुढे मला पाठवू नका, हेही सांगून टाकलं. बसता बसता मात्र ते थांबले.

"बाकीच्यांचं मले काही नाही वाटत, मॅडम. पण सुंदरबाई? माझ्या बाबूजींच्या वेळची बाई. तिनं तरी एक शब्द सांगाचा होता. नाही सांगितला. अन् आठवडा झाला, तोंड दाखवायलेही नाही आली."

रत्नमालेला आत्ता कळलं. या माणसाला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं राबलेली बाई गेली तरी सेठ फिरकला नाही, म्हणून आठवडाभर तिने त्याला मनातल्या मनात शिव्या मोजल्या होत्या. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, तशी ती उठली. पाठ करून आणलेलं सगळं विसरली.

"सेठजी, सुंदरबाई वारली," ती म्हणाली. "आमी तिच्याच मातीले होतो."

कैलाशसेठ खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले.

"मले कोणी काहून नाही सांगितलं?"

रत्नमालेला उत्तर शोधावं लागलं नाही.

"तुमाले सांगाचं काम तिचंच होतं, सेठजी. आमच्यातलं दुसरं कोणी तुमच्याशी कधी बोललंच नाही. अन् मौतीची खबर नातलगाले देतात. तुमालेही द्या लागते, हे आमच्या ध्यानातच नाही आलं."

ते खाली बसले आणि सगळ्यांदेखत हाताने डोळे पुसले. मग सेठजींनी मान न उचलताच सांगितलं की बायकांनी उद्यापासून यावं, मुनीम अडवणार नाही, आणि यापुढे काही असलं तर सरळ मला सांगावं.

याच्यासाठीच तर ती आली होती. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण आनंद काही झाला नाही. मिलमध्ये उद्या सगळ्या जणी जातील आणि सुंदरबाईची जागा तेवढी रिकामी राहील, एवढंच तिला दिसत होतं. मॅडमनी तिला बसायची खूण केली. ती बसली नाही.

"सेठजी," ती म्हणाली, "बुधवारी तेरवी आहे. तुमाले खबर देऊन राहिली."