माझ्या पुस्तकाचा लगदा

माणसाने आपल्याजवळचं सर्वोत्तम ते समाजाला द्यावं, असं मी आयुष्यभर लिहीत आलो आहे. माझ्याजवळचं सर्वोत्तम आमच्या पलंगाखाली होतं आणि बायकोला तिथे सुटकेसा ठेवायच्या होत्या.

ते म्हणजे माझ्या विनोदी लेखांचं पुस्तक. प्रकाशकाने ‘उरलेल्या प्रती’ परत पाठवल्या तेव्हा ‘उरलेल्या’ हा शब्द त्याने निव्वळ सौजन्याने वापरला होता. गठ्ठे पाहिल्यावर गेलेल्या प्रती कुठल्या, असा प्रश्न पडत होता.

आमची ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, रसायनशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर गुडघे चोळत बसायचं सोडून ती इमारतीमागच्या कपडे धुण्याच्या जुन्या खोलीत कागद बनवू लागली. गल्लीतली रद्दी, खोकी, फाटकी पाकिटं तिच्याकडे जातात. भिजतात, यंत्रात भरडली जातात, लगदा हौदात पडतो, जाळीच्या चौकटीवर उचलला जातो, दाबला जातो आणि दोरीवर चिमटे लावून वाळत टाकला जातो. हे सगळं ती आणि चार-पाच शेजारणी करतात. मी अधूनमधून जाऊन कौतुक करतो. कौतुक करताना वाटेत उभा राहतो, अशी तक्रार आहे.

तर ही खोली जायची वेळ आली होती. इमारतीच्या अध्यक्षांना तिथे टेबल टेनिस हवं होतं. शाळेने चित्रकलेला हा कागद घेतला तर खोली तुमची, असं त्यांनी भर सभेत जाहीर केलं, कारण शाळा घेणार नाही याची त्यांना खात्री होती. टेबल त्यांनी पसंतही करून ठेवलं होतं.

आणि शाळा घेईल असा कागद काही होत नव्हता. वर्तमानपत्रांचा कागद राखेसारखा व्हायचा आणि ओला रंग लागला की त्याची लापशी व्हायची.

मुख्याध्यापिकांचं नमुना बघायला येणं परवावर आलं, तेव्हा ताई आमच्याकडे आली. पलंगाशी वाकली, एक प्रत ओढून काढली, पान बोटांत चोळलं, कोपरा फाडून उजेडात धरला. मी श्वास रोखून उभा.

“फार चांगलं आहे रे,” ती म्हणाली.

“कुठला लेख?”

“कागद.”

“घ्या ताई, सगळंच घ्या,” बायको म्हणाली. “जड आहे, पण हे उचलतील.”

मी दोन शब्द बोललो. साहित्य समाजातून येतं आणि समाजातच परत जातं, वगैरे. बोलणं संपून पाहतो तर पहिला गठ्ठा दोघींनी जिन्यापर्यंत नेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काम मिळालं: पुस्तकं फाडायची. “मुखपृष्ठ टाकायचं नाही,” ताईने बजावलं. “त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. पाठीचा डिंकही काढ. नुसती पानं या टबात भिजत टाक.”

फाडताना नजर पडायची. नजर पडली की वाचायचो, आणि वाचलं की वाटायचं, अरे, हे बरं जमलंय! असं जमलेलं पान मी शेजारच्या पिशवीत सरकवत गेलो. एकेका पानाच्या कितीतरी प्रती होत्या, पण त्यातली कुठली टाकायची हे ठरवणं जिवावर येत होतं. पिशवी फुगली. टब काही भरेना.

“अहो लेखक,” शिवणकाम करणाऱ्या काकूंनी हाक मारली, “अजून एवढंच? आमच्याकडे ब्लाउज याहून लवकर उसवतो.”

टब तर भरायला हवा होता. मुखपृष्ठांचा ढीग समोर होता. चिमूटभर प्लास्टिकने काय होतंय, असं म्हणून मी ती बारीक फाडून खाली सारली. मुखपृष्ठावर माझा फोटो होता. तो समाजाला गेला तर समाजाची हरकत असायचं कारण मला दिसलं नाही.

संध्याकाळी कागद वाळले. पांढरे, जाड, देखणे. आणि प्रत्येकावर चकाकणारे ठिपके, भांड्याला चिकटलेल्या मासळीच्या खवल्यांसारखे. काकू एका कागदाला नाक लावून बघत होत्या.

“ताई, यात मिशी आहे.”

ताईने त्यावर ओला कुंचला फिरवला. सगळीकडे रंग बसला, मिशीवर बसला नाही. ती माझ्याकडे वळली. शाळेत मुलांनी प्रयोगशाळेत काही फोडलं की ती अशीच बघायची म्हणतात.

“आता पांढरा कागद कुठून आणू मी?”

काकूंनी हात पदराला पुसले. “खोली गेली तर जाईल,” त्या म्हणाल्या. “घरी मशीन आहेच की. दिवसभर तिच्याशीच बोलायचं पुन्हा.” हे त्यांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, पण त्या बघत होत्या माझ्या पिशवीकडे.

मी पिशवी पुढे केली. मात्र आत काय जातंय ते लोकांना कळावं, म्हणून वरचं पान काढून मोठ्याने वाचलं. त्या पानावर मी स्वतः तीनदा हसलो होतो. खोलीत नळ ठिबकत होता तो ऐकू आला.

“हे विनोदी आहे का?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“मग टाका लवकर. भिजायला वेळ लागतो.”

मुख्याध्यापिका आल्या त्या रंगपेटी घेऊनच. त्यांनी कागदावर पाणी सोडलं, रंग पसरला, वाळू दिला, मग खोडरबराने खसाखसा घासलं. कागद फाटला नाही. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

“किंचित करडा आहे,” बाई म्हणाल्या.

“छपाईची शाई. ती पूर्ण जात नाही,” ताई म्हणाली.

माझी छाती जराशी फुगली.

“मुलांच्या चित्रांतून काही दिसायचं नाही ना?”

“छे, वाचण्यासारखं काही नाही त्यात.”

बाईंनी होकार दिला. काकू बाहेर जाऊन डोळे पुसून आल्या आणि लगद्याचा वास झोंबतो म्हणाल्या. खोली राहिली. अध्यक्ष जिन्यात भेटले की हवामानावर बोलू लागले. माझ्या साहित्याने एक संस्था वाचवली, हे मी भेटेल त्याला सांगत राहिलो. न भेटणाऱ्यांना फोन केले.

महिन्याभरात शाळा आपल्या जुन्या उत्तरपत्रिका ताईकडे पाठवू लागली. त्यांचा कागद जास्त पांढरा येतो.