पिकलेला उस्ताद

ज्वारीचा दाणा दाताखाली धरला की आमच्या अप्पांना तिचं गाव कळायचं. डोळे मिटून सांगायचे, ही मंगळवेढ्याची, ही बार्शीकडची, आणि ही पेवात पडून राहिलेली. सोलापूरच्या मंगळवार पेठेत भुसाराचं दुकान चालवून माणसंही आपल्याला अशीच कळतात, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती, आणि त्या समजुतीपुढे घरात कुणाचं काही चालायचं नाही. माझा तबल्याचा गुरू त्यांनी असाच निवडला. चावून बघता आला असता, तर तेही केलं असतं.

तबल्याचं खूळ मला दुष्काळात लागलं. दुकानात रेशनच्या लाल मिलो ज्वारीशिवाय काही नव्हतं, आणि मी रिकामे डबे बडवत बसायची. एका सोमवारी मठातल्या भजनाला तबलजी आलाच नाही. मी सरळ त्याच्या जागी बसले. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, पदर तोंडाला लावला. अप्पांचं तोंड मात्र असं फुललं होतं की विचारू नका. घरी आल्यावर दोघांचं कानडीत जोरदार भांडण झालं आणि शेवटी तोडगा निघाला. सुंदरम्माला, म्हणजे मला, गुरू आहे तोवर शिकू द्यायचं. शिकणं थांबलं, की त्याच दिवसापासून स्थळं बघायची. माझ्या मताची कुणाला गरज वाटली नाही, पण मी खुशीत होते. शिकणं थांबेलच कशाला, असं मला वाटत होतं.

आधी आम्ही बाळीवेशीत सिद्धाराम गुरुजींकडे गेलो. गुरुजी तिशी-पस्तिशीचे, काळ्याभोर मिशांचे. माझं ऐकून झाल्यावर त्यांनी सहज म्हणून थोडं वाजवलं, आणि मला माझ्या डब्यांची लाज वाटली. हात दिसत नव्हता, नुसता आवाज दिसत होता. उद्यापासून पाठवा म्हणाले. मला तर तिथून उठावंसंच वाटेना.

जिना उतरल्या उतरल्या अप्पा म्हणाले, "कच्चा हाय."

मला हेच गुरुजी हवेत, असं मी म्हणून बघितलं. अप्पा हसले. "तुला काय कळतंय त्यातलं? गुरू कसा पिकलेला पायजे. ह्यो अजून हिरवा हाय." एवढ्यावर थांबले असते तर ते अप्पा कसले? हेच त्यांनी दुकानात चार गिऱ्हाइकांपुढे सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते बाळीवेशीत पोचलं.

मग विजापूर वेशीजवळचे दस्तगीर उस्ताद. दाढी पांढरीशुभ्र, भुवयासुद्धा पांढऱ्या. उस्तादांनी तबल्याला हात लावायच्या आधीच अप्पांची निवड झालेली होती. गुरुवारी गंडा बांधायचा ठरला. उस्तादांनी माझ्या मनगटाला दोरा बांधला, गूळ-चणे माझ्या तोंडात घातले आणि सगळ्यांना वाटले. एकदा हा गंडा बांधला, की शिष्य त्या गुरूचा. गुरूनं स्वतःच्या तोंडानं इजाजत दिल्याशिवाय त्यानं दुसऱ्यापुढे बसायचं नाही, आणि दुसऱ्यानं त्याला बसवून घ्यायचं नाही. सोलापुरात हे सगळेच पाळत होते. अप्पांना तर ते फारच आवडलं. असा पक्का सौदा बाजारातसुद्धा होत नाही, म्हणाले.

आणि खरं सांगायचं, तर उस्ताद चांगले होते. वाईट असते तर निदान अप्पांवर नीट रागावता आलं असतं. माझं बोट तबल्याच्या काठावर ठेवून ते म्हणायचे, "जल्दी नक्को, बेटी. हात खुद बोलेगा." मी घाई केली की नुसते माझ्याकडे बघायचे, आणि त्यांच्या त्या बघण्यानं मला रडू यायचं. घरी अव्वा बोलायची, तिचं काही वाटायचं नाही. वर्षभरात माझा जीव त्यांच्यावर जडला. त्यांच्या घरवाली चाँदबी मला जाताना रोज काहीतरी खायला द्यायच्या, आणि मी लिंगायताची पोर ते वाटेतच खाऊन संपवायची.

एके दिवशी पहाटे नमाजाआधी हातपाय धुताना उस्ताद पडले. उजवं अंग गेलं. सरकारी दवाखान्यातून महिन्याभरानं घरी आणलं, पण हात तसाच राहिला, आणि वाचा गेली असं लोक सांगू लागले. मी घरी जेवढं येत होतं तेवढंच वाजवत राहिले. शिळं तेच गरम करून खावं तसं. अव्वानं जनाची लाज म्हणून थोडे दिवस काढले. मग अक्कलकोटच्या एका तेलघाणीवाल्याचं स्थळ आलं, आणि अप्पांना त्यांनीच दिलेल्या शब्दाची आठवण करून देण्यात आली. पाहुणे सोमवारी येणार होते.

अप्पांनी टोपी घातली आणि मला घेऊन पुन्हा बाळीवेस गाठली. ज्या माणसाला हिरवा म्हटलं, त्याच्यापुढे ते मान खाली घालून बसले. सिद्धाराम गुरुजी एक शब्द लागट बोलले नाहीत. त्यांनी मला वाजवायला लावलं, मन लावून ऐकलं, आणि उस्तादांनी हात फार सुरेख बसवला आहे म्हणाले. मग त्यांनी आपली अडचण सांगितली. मागे त्यांच्यावर दुसऱ्याचा शिष्य फोडल्याचा आळ आला होता. तेव्हापासून सिद्धेश्वरापुढे त्यांनी शपथ घेतली होती, की गंडा बांधलेल्याला गुरूच्या तोंडच्या शब्दाशिवाय घ्यायचं नाही.

"मान हलवतील की उस्ताद," अप्पा म्हणाले.

"अण्णा, मान त्यांची आता आपोआप हलते म्हणतात. एक शब्द आणा. माझा रेवणसिद्ध बरोबर येईल. त्यानं कानानं ऐकलं, की पोरगी माझी."

उस्तादांच्या तोंडून आवाज फुटतो असं चाँदबींनी कुणाला तरी सांगितलं होतं. तेवढ्या आशेवर आम्ही रविवारी दुपारी गेलो. रेवणसिद्ध गुरुजींचा सगळ्यात थोरला शिष्य, गिरणीत कामाला, सरळ माणूस. तो अवघडून दाराशीच बसला.

उस्ताद खाटेवर टेकून बसले होते. मला बघताच त्यांचा अर्धा चेहरा हसला. अप्पा खाटेशेजारी बसले, आणि अख्ख्या बाजाराला बोलून हरवणारा माझा बाप ज्वारीच्या भावाबद्दल बोलू लागला. यंदा पीक बरं आहे, मिलो आता कुणी विचारत नाही, असलं काहीबाही. उस्ताद ऐकत होते. अप्पांच्यानं ते होणार नाही हे मला कळून चुकलं. मीच उठले, उस्तादांच्या पायांशी बसले आणि म्हणाले, "उस्ताद, मला सिद्धाराम गुरुजींकडे शिकायला जायचंय. तुमी तोंडानं इजाजत द्या."

म्हणताना मला वाटलं, मी त्यांना जिवंतपणी खांदा देते आहे.

त्यांना कळलं. अगदी स्वच्छ कळलं. डोळ्यांत राग नव्हता. डावा हात उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. मग मान ताठ केली, श्वास घेतला, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि खणखणीत आवाज आला.

"धा धिं धिं धा."

ते स्वतःच दचकले. नाही नाही अशी मान हलवली आणि पुन्हा सगळा जोर लावला.

"धा धिं धिं धा. धा धिं धिं धा."

चाँदबी पदरानं त्यांची हनुवटी पुसत म्हणाल्या, "वोईच निकलता है, भैया. पानी होना तो बी वोईच. मेरा नाम बी नै आता."

अप्पा पुढे सरकले. लहान मुलाला घास भरवावा तशा आवाजात म्हणाले, "उस्ताद, इजाजत. एवढंच म्हना. माज्या तोंडाकडं बगा. इ-जा-जत." उस्ताद त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांनी ओठ तसेच केले. आवाज आला तो धा धिं धिं धा असाच.

अप्पांनी रेवणसिद्धाकडे बघितलं. ते काय मागत होते हे त्याला कळत होतं, मलाही कळत होतं. बिचाऱ्याचे डोळे भरले होते. "मामा, डोक्यावर हात ठेवला हे मी सांगतो," तो म्हणाला. "पन गुरुजी गळ्यातलं इष्टलिंग हातात घ्यायला लावून इचारतील, शब्द ऐकला का. मी काय सांगू?"

उस्तादांना तेही ऐकू गेलं. आता ते थांबेचनात. डाव्या हातानं खाटेच्या दांडीवर ताल धरून ते भराभर म्हणू लागले, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. जणू एखाद्या समेवर तो शब्द सापडेल आणि माझी सुटका होईल. प्रत्येक आवर्तन संपत आलं की ते आशेनं माझ्याकडे बघायचे, आणि समेवर धाच यायचा. मात्रा एक चुकत नव्हती. गालांवरून पाणी वाहत होतं. मी त्यांचा हात धरून पुरे, पुरे म्हणत होते, आणि माझ्या हातातही तो हात ठेका धरत होता.

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ते माझ्याकडे वळले.

"आता काय करावं गं, सुंदरा? तूच सांग," ते म्हणाले.

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं होतं, आणि पाहुणे उद्याच यायचे होते.