बिनलेबलची बाटली आणि मी

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रोड आहे. भट्टीत तापून काचेसारखा चकचकीत झालेला कार्बनचा बारीक दांडा. जबलपूरच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत माझी उमर गेली. तापावरचं पॅरासिटामोल मोजायचं, हे माझं काम. द्रावणात बुडवून मला वीज दिली, की पडद्यावरच्या रेषेला उंचवटा येतो. औषध जास्त, तेवढा उंचवटा मोठा. एकेकाळी माझं फार कौतुक होतं. मग नवं यंत्र आलं आणि मी न धुताच खणात पडलो.

एका दुपारी प्रयोगशाळेचे कर्मचारी गुणवंत धापा टाकत आले. हातात औषधाची बाटली.

"दीदी, नातीला उलट्या होऊन राहिल्या. नेपियर टाउनच्या दवाखान्यात ठेवलंय. माझ्या बायकोनं, कलावतीनं, दोन दिवस हे तापाचं औषध चमच्या-चमच्यानं पाजलं. लेबलच नाही. डॉक्टर विचारून राहिले, औषध किती कडक होतं?"

"रक्ताचा रिपोर्ट?" प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सुनेत्रा मॅडमनी विचारलं.

"उद्या येईल म्हणे."

नवं यंत्र नेमकं बंद होतं. मॅडमनी मला काढून जुन्या यंत्राला जोडलं. पडद्यावर जेमतेम उंचवटा आला.

"कमीच आहे ना? अच्छा, मग डॉक्टरला तसंच सांगतो!" गुणवंतांनी मोबाइल काढला.

मित्रांनो, मी खोटं बोललो होतो. माझ्या अंगावर मळाचा थर होता. पण मला वाचा कुठली?

"थांबा, गुणवंतजी! फोन नका करू." मॅडमनी मला बारीक ओल्या भुकटीवर गोल गोल घासलं, धुतलं. आधी औषधाचं प्रमाण माहीत असलेल्या द्रावणात तपासलं. हिशोब जुळला. मग पुन्हा बाटलीतलं औषध. रेषा चढली, चढतच गेली.

"नेहमीच्या सिरपच्या चौपट! हे सिरप नाही, थेंबानं द्यायचं औषध आहे. लावा फोन!"

डॉक्टरांनी पोरीचं यकृत वाचवायला त्याच क्षणी उतारा सुरू केला. पुढचे दोन दिवस गुणवंत कामावर आले नाहीत. खणाबाहेर, टेबलावर पडून मी दाराकडे कान लावून होतो.

तिसऱ्या दिवशी ते आले, सोबत कलावतीबाई.

"उठून बसली पोरगी. खायला मागून राहिली," एवढंच बोलून बाई रडू लागल्या. "मीच पाजलं होतं, दीदी. माझ्या हातानं."

मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

मित्रांनो, बिनलेबलचं औषध कुणाला देऊ नका. आणि माझ्यासारख्याला वापरलं, तर धुऊन ठेवा. त्या दुपारी माझ्या पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवला असता, तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.