नकाशात नसलेले थांबे

आई गेल्यापासून बाबांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. समाचाराला येणारे थांबले, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, तरी बाबा बैठकीत होते तिथेच. रविवारी मला देशाच्या पार दक्षिण टोकाला, अकाबाला कामावर परतायचं होतं. त्यांना असं सोडून जाणार कशी?

बुधवारी मी खोटं बोलले. "बाबा, कॉलेजच्या लायब्ररीतून एक कागद आणायचाय. सोबत चला ना."

"मी? अगं, चाळीस वर्षं बस चालवली मी. पुस्तकाशी माझं काय काम?"

"वाचायला कोण सांगतंय? मी तरी तिथे कुठे वाचत होते?"

हे मात्र खरं होतं. परीक्षा आली की सकाळी सातला स्कार्फ टाकून जागा धरायची आणि परीक्षा संपली की ती इमारत विसरायची. आमच्या वर्गातला खल्दून तर तिथे फक्त झोपायला यायचा. आता तोच तिथला प्रमुख होता.

त्याने बाबांना खुर्ची दिली, स्वतःच्या हाताने कॉफी ओतली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "काका, इथे सिनेमा बघायला खोली आहे, आवाज रेकॉर्ड करायला खोली आहे. बियाण्यांचं कपाट आहे. न्या, पेरा, पुढच्या वर्षी मूठभर परत आणा. आणि पोरं काय मागतात? जुन्या प्रश्नपत्रिका!"

"तू उशी मागायचास," मी म्हटलं.

"गप्प बस रुदैना. काकांसमोर तरी अब्रू ठेव."

बाबांचं लक्ष नव्हतं. ते खल्दूनच्या मागच्या मोठ्या नकाशाकडे बघत होते. खिशातून चष्मा काढायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्यांनी कॉफीचा कप तसाच टेबलावर ठेवला.

खल्दूनने गाऱ्हाणं अर्धवटच सोडलं. आमच्याकडे पाहुण्याने कॉफी न चाखता कप खाली ठेवला, की तो काहीतरी मागायला आलाय असं समजायचं. शब्द मिळेपर्यंत तो कॉफीला तोंड लावत नाही. नात्यातल्या मुलांसाठी मुली मागायला बाबांनी स्वतः कितीतरी घरांत असा कप खाली ठेवला होता. पण आत्ता फक्त त्यांचा चष्मा खिशात अडकला होता.

खल्दून उभा राहिला, छातीवर हात ठेवून. "घ्या काका, कॉफी घ्या. मागायला आलात ते दिलं."

बाबांचे कान लाल झाले. आता 'काही नको' म्हणणं म्हणजे दिलेला शब्द यजमानाच्या तोंडावर फेकणं. मला भीती वाटली, की ते म्हणतील, 'मला घरी सोड', आणि खल्दून खरंच गाडी काढील.

"हा नकाशा कोणी काढला?" बाबांनी विचारलं.

"सरकारने."

"सरकार बसने कधी गेलेलं दिसत नाही. इर्बिद ते अजलून, माझ्या बसच्या अख्ख्या रस्त्यावर एकही थांबा नाही यात. माझे एकतीस होते. मला ते घालायचेत."

"आजच बसा."

"आणि उद्या?"

खल्दूनने माझ्याकडे पाहिलं. "उद्याही या, काका."

गुरुवारी नकाशावर पातळ कागद पसरून बाबा पेन्सिल चालवत होते. मी बियाण्यांच्या कपाटामागे होते. प्रश्नपत्रिका न्यायला आलेली एक मुलगी थबकली.

"काका, हे आमचंच वळण! याला नवरीचा थांबा का म्हणतात हो?"

"तिथून एक मुलगी चढायची. शहरात शिवण शिकायला यायची. रोज उशीर. मी आपला हॉर्न वाजवत थांबायचो. मागून लोक ओरडायचे, 'काय रे, नवरी आहे का तुझी?'"

"मग?"

"मग काय? झाली."

मुलगी मोठ्याने हसली आणि मैत्रिणींना हाका मारायला लागली. मला लहानपणापासून सांगितलं होतं, की आई-बाबांचं लग्न आजोबांनी ठरवलं. मी पाकिटांवरची नावं वाचत राहिले. भेंडी, पालक, मुळा. पुन्हा भेंडी.

रविवारी सकाळी मी बॅग घेऊन बाहेर आले, तर बाबा बूट घालून तयार होते.

"स्टँडवर यायला जमणार नाही मला," ते म्हणाले. "लायब्ररी आठला उघडते. अजलूनकडची पोरं यायचीत. म्हणतात, सात थांब्यांच्या जागा चुकल्यात. माझ्या! बघतोच त्यांना."

"जेवाल ना वेळेवर?"

"तिथे कँटीन आहे. खल्दून म्हणतो, डाळ बरी असते. तू उजवीकडे बस, डावीकडे दुपारपर्यंत ऊन असतं. आणि कुलूप नीट लाव."

मी किल्ली शोधेपर्यंत ते कोपऱ्यावरून वळलेही होते.