भिंतीवरचा जोड

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक भिंत डोळ्यांसमोर आणा. पिवळसर रंगाची, मावळतीकडे तोंड करून उभी असलेली. तिला एक खिडकी आहे, आणि खिडकीखाली पेन्सिलपेटीएवढी पत्र्याची डबी. रस्त्यावरच्या खांबावरून एक काळी तार झोका घेत येते आणि त्या डबीत शिरते. डबीला कडेनं गंज चढलाय, पण तिचं झाकण कुणीतरी रोज फडक्यानं पुसतं. आली डोळ्यांसमोर? आता उघडा डोळे, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

डबी पुसणाऱ्या आजोबांना सगळी गल्ली तारवाले म्हणायची, कारण त्यांची सारी नोकरी टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली होती. नात त्यांना आबा म्हणायची, आणि ते तिला भिंगरी. ती एका जागी बसलेली फक्त फोटोत दिसे, आणि तिथंही जरा हललेलीच.

भिंगरीची आई समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर कामाला होती. जहाज बंदरात असलं की दर रविवारी दुपारी चारला ती व्हिडिओ कॉल करायची. येत्या रविवारनंतर मात्र जहाज चार महिन्यांसाठी लांब जाणार होतं. तिकडून कधीमधी दोन ओळींचा निरोप येईल, चेहरा काही दिसायचा नाही. म्हणजे हाच एक रविवार हातात होता. आणि नेमकं गेले तीन रविवार, आई बोलायला लागली की चित्र गोठायचं. मागच्या खेपेला तर आई जांभई दिल्यासारखी तोंड उघडून अडकली ती अडकलीच. भिंगरी आधी खूप हसली. मग आई काय सांगत होती ते आता कळणार नाही हे लक्षात आल्यावर ती गप्प झाली, आणि भिंगरी गप्प झालेली आबांना मुळीच आवडत नसे.

त्या रस्त्याला इंटरनेट देणारी कंपनी एकच. दुसऱ्या एका कंपनीची तार गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत आली होती, पण पुढे अकराच घरं आहेत हे बघून तिथूनच माघारी वळली. पहिल्या कंपनीनं जुन्या टेलिफोन खात्याच्या तारा विकत घेतल्या आणि त्यांच्यावरूनच घराघरांत इंटरनेट पोचवलं. तक्रार करायला फोन लावला की एक गोड आवाज सांगायचा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग गाणं सुरू व्हायचं. ते गाणं आबांना इतकं पाठ झालं होतं की दाढी करताना ते तेच गुणगुणायचे. गाणं संपलं की कुणीतरी मोडेम बंद करून पुन्हा चालू करायला सांगायचं. ते करून झालं की माणूस पाठवतो म्हणायचं.

माणूस यायचा, नाही असं नाही. तीनदा आला. सकाळी दहाच्या सुमारास यायचा, खांबावर चढायचा, तिथली पेटी उघडून यंत्र लावायचा, हिरवा दिवा बघायचा आणि निघून जायचा. घराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही. पाठोपाठ आबांच्या फोनवर संदेश यायचा, आपली तक्रार दूर झाली आहे. शेवटचा संदेश आला त्याच दुपारी आई पडद्यावर तोंड उघडून गोठली होती.

शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "सोडून द्या हो ही कंपनी."

"सोडतो की. जाऊ कुठे?" आबा म्हणाले. त्यावर शिंपीकाकांनी सुईत दोरा ओवायला घेतला.

मग आबा भिंगरीला जुन्या गोष्टी सांगत बसायचे. त्यांच्या वेळीही टेलिफोनचं ऑफिस एकच होतं, आणि फोन मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबायचे, हे ते प्रामाणिकपणे कबूल करायचे. लोक आमच्याही नावानं खडे फोडायचे, म्हणायचे. पण त्या ऑफिसात एक रीत होती. दुरुस्ती झाली तरी तारवाल्यानं खांबावरून उतरायचं नाही. वरूनच तारेला हातातला फोन जोडून ऑफिसातल्या ऑपरेटर बाईंना सांगायचं. मग बाई त्या घरी घंटी वाजवायच्या. घरातलं कुणीतरी फोन उचलून चार शब्द बोलायचं. ते त्या ऐकायच्या आणि मगच खांबावरच्या माणसाला म्हणायच्या, "ऐकू येतंय. उतरा आता."

एकदा एका घरात म्हातारी एकटीच होती आणि ती त्या काळ्या यंत्राशी बोलायला तयार होईना. आबा तासभर खांबाला लटकून राहिले. शेवटी मांजरानं दुधात तोंड घातलं, म्हातारी फोन हातात धरूनच मांजरावर ओरडली आणि तेवढ्यावर आबांची सुटका झाली.

"आणि त्या ऑपरेटर बाई म्हणजे आजी," भिंगरी म्हणायची. तिला हे शंभरदा सांगून झालं होतं.

"आजी पुढे झाली. तेव्हा नुसता आवाज होता." एवढं बोलून आबा मिशीत हसायचे. आवाज स्वच्छ आला तरी कधीकधी ते मुद्दाम नीट ऐकू येत नाही म्हणायचे, म्हणजे बाई पुन्हा बोलायच्या.

लग्नानंतर घरी फोन आला, तेव्हा भिंतीवरच्या डबीतला जोड आबांनी स्वतः केला होता. तांब्याची तार तांब्याच्या तारेवर वळवून, वर काळ्या कापडी पट्टीचे वेढे घालून. त्या तारेवरून पहिला शब्द आजी बोलली. आजीला जाऊन सहा वर्षं झाली होती. इंटरनेट घ्यायच्या दिवशी आबांनी कंपनीच्या माणसाला बजावून सांगितलं होतं, बाकी काय ते करा, या डबीला हात लावायचा नाही.

आबा भिंगरीला आणखीही एक गोष्ट शिकवायचे. बिघाड शोधायचा तर आधी तारेला वेळ विचारायची. कधी दुखतं ते कळलं की कुठे दुखतं ते कळतं. भिंगरीनं हे मनावर घेतलं. त्या आठवड्यात शाळेतून आली की ती मोडेमसमोर बसायची आणि इंटरनेट गेल्याचा लाल दिवा लागला रे लागला की खडू घेऊन बाहेर धावायची. भिंतीवर ऊन जिथवर चढलंय तिथे रेघ मारायची. शनिवारपर्यंत पाच रेघा झाल्या. पाचही अगदी जवळजवळ, आणि पाचही पत्र्याच्या डबीच्या वरच्या कडेला लागून.

"आबा, डबी गार असते तेव्हा इंटरनेट चालतं. ऊन लागून तापली की जातं. आणि तो कंपनीचा काका येतो सकाळी."

आबांनी पाचही रेघांवरून बोट फिरवलं. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. गंजलेला जोड उन्हात तापला की ढिला पडतो, गार झाला की पुन्हा धरतो, हे नव्या माणसांना त्यांनीच शिकवलं होतं. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर पहिल्याच दिवशी त्यांनी डबी उघडली असती.

"तो जोड माझ्या हातचा आहे," ते म्हणाले.

"म्हणून तुम्ही तिथे बघितलंच नाही?" भिंगरीनं विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आबा आत गेले आणि त्यांनी कंपनीला फोन लावला. गाणं संपेपर्यंत थांबले, आणि माणूस उद्या दुपारीच पाठवा, सकाळी पाठवलात तर मी पुन्हा फोन करीन आणि रोज करीन, असं इतक्या शांतपणे सांगितलं की पलीकडची मुलगी घाबरून हो म्हणाली.

रविवारी तीन वाजता कंपनीची लहान गाडी आली. या वेळी एक ताई होती, डोक्यावर हेल्मेट, गाडीच्या टपावर शिडी, आणि चेहऱ्यावर अजून सहा घरं बाकी असल्याचा थकवा. ती खांबाला शिडी लावून चढली. पेटी उघडली. हिरवा दिवा. तक्रार बंद करायला तिनं खिशातून फोन काढला.

"ताई, बिघाड वर नाही," आबा खालून म्हणाले. "इथे आहे, भिंतीवर. इतके दिवस मीच कुणाला हात लावू दिला नाही."

हे बोलायला त्यांना किती जड गेलं ते भिंगरीला दिसलं. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

ताई उतरली. झाकण निघालं. कापडी पट्टी कडक होऊन भेगाळली होती आणि आत तांबं हिरवं पडलं होतं. ताईनं बोटानं जोड हलवला तसा घरातल्या मोडेमवर लाल दिवा लागला. खिडकीतून तो स्पष्ट दिसला.

"काका, वळण किती सारखं आलंय," ताई म्हणाली. "आम्हाला असं कुणी शिकवलं नाही. पण आता हा चालणार नाही. खांबापासून आतपर्यंत नवी तार टाकते, जोडच नको."

पक्कड तिच्या हातात होती. आबांनी आपला हात पुढे केला. ताईला कळलं, तिनं पक्कड त्यांना दिली. एकदा अलीकडे, एकदा पलीकडे. कट, कट. बोटभर लांबीचा तो जोड आबांच्या तळहातावर पडला. ते म्हणाले, "चला, चार वाजत आले."

ताईनं भराभर नवी तार ओढली, आत मोडेमला लावली, पुन्हा शिडी चढून पेटीत बसवली. हिरवा दिवा. तिनं फोन काढला, एक पाय खालच्या पायरीवर टाकला.

"थांबा," भिंगरी म्हणाली. "अजून घरातलं कुणी बोललं नाही."

ताईनं आबांकडे पाहिलं. तशी रीत आहे आमच्याकडे, आबा म्हणाले. ताईला हसू आलं. तिनं फोन खिशात टाकला, कोपर पायरीत अडकवलं आणि भर उन्हात वाट बघत उभी राहिली.

भिंगरीनं आबांच्या तळहातावरचा जोड उचलला, फ्रॉकच्या खिशात ठेवला आणि घरात धावली. चार वाजून एक मिनिटानं पडद्यावर आई आली. ऊन डबीवर चढलं होतं. आई बोलायला लागली, आणि भिंगरीनं एरवी कधी केलं नाही ते केलं. मध्ये एक शब्दही न बोलता तिनं आईचं अख्खं वाक्य संपू दिलं. मग आईला म्हणाली, एक मिनिट हं, जाऊ नकोस.

ती खिडकीपाशी आली, गजांतून नाक बाहेर काढलं, आणि खांबाकडे बघून अगदी ऑफिसातल्या बाईंसारख्या आवाजात म्हणाली, "ऐकू येतंय. उतरा आता."